चित्राच्या खोलीत राहायचं, तर रात्र कोणती आणि भिंत कोणती?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून तिघं टोकियोला निघालेत, नवरा-बायको आणि ६८ वर्षांच्या आई. मुक्काम पाच रात्रींचा, तिघंही शाकाहारी. शिओदोमे भागातल्या पार्क हॉटेल टोकियोमध्ये चित्रकारांनी स्वतः रंगवलेल्या खोल्या आहेत हे त्यांना कळलंय. पाचही रात्री तशीच खोली घ्यावी का, कोणती घ्यावी, आईंना तिथे जमेल का, आणि पैसे वाया जाण्याची शक्यता कुठे आहे?

पाचही रात्री घेऊ नका. एक घ्या, फार तर दोन, आणि त्या मुक्कामाच्या मधल्या असू द्या. पहिल्या रात्री तुम्ही विमानातून उतरून, बॅगा ओढत, साडेतीन तासांचा वेळेचा फरक अंगावर घेऊन पोचणार. पडदे ओढून झोपणार. शेवटच्या रात्री बॅगा भरणार. रंगवलेल्या खोलीचे जास्तीचे पैसे म्हणजे त्या खोलीत दिवसाउजेडी जागं राहण्याचे पैसे. सकाळी आठला बाहेर पडून रात्री नऊला परत येणाऱ्या माणसाने ते भरले, तर त्याला मिळते फक्त दिव्याच्या उजेडातली एक रंगीत भिंत.

नोव्हेंबरात टोकियोत सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो आणि सकाळी सव्वासहाच्या आसपास उगवतो. जपानी हॉटेलांत खोली साधारण दुपारी तीनला मिळते आणि सकाळी अकराला सोडावी लागते (नेमकी वेळ तुमच्या बुकिंगच्या पत्रात बघा). म्हणजे तीनला खोलीत शिरलात तर दीड तास उजेड, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे चार-साडेचार तास. त्या दुपारी दुसरा काहीही कार्यक्रम ठेवायचा नाही. हे पाळता येणार नसेल तर साधी खोली घ्या आणि वाचलेल्या पैशांत एक जास्तीचं संग्रहालय बघा. ते जास्त फायद्याचं आहे.

आता हॉटेलविषयी. शिओदोमे मीडिया टॉवर ही ३४ मजल्यांची, सुमारे १७० मीटर उंचीची इमारत. तिच्यात क्योदो न्यूज या वृत्तसंस्थेचं मुख्यालय आहे आणि वरच्या दहा मजल्यांवर २००३पासून हे हॉटेल. तळमजल्यावर स्वागतकक्ष शोधत बसू नका; तिथे फक्त हॉटेलच्या लिफ्ट आहेत. त्या थेट २५व्या मजल्यावर नेतात. स्वागतकक्ष, बसायची जागा, बार सगळं तिथे. डोक्यावर थेट छतापर्यंत दहा मजल्यांचा मोकळा चौक आहे, वाड्याचा चौक उभा ताणून आकाशात नेऊन ठेवावा तसा, आणि त्याच्या भोवतीने खोल्या. या चौकात मोसमाप्रमाणे बदलणारी प्रदर्शनं लागतात आणि ती बघायला चित्रांची खोली घ्यावी लागत नाही. साध्या खोलीत राहूनही हॉटेलच्या कलेचा मोठा भाग पदरात पडतो, हे हिशेबात धरा.

रंगवलेल्या खोल्यांची सुरुवात २०१२च्या डिसेंबरात झाली. पहिली खोली सुमोची, चित्रकार किमुरा हिरोयुकी. पद्धत अशी की चित्रकाराने हॉटेलात राहायचं आणि कॅनव्हास न आणता थेट भिंतीवर काम करायचं. ३१व्या मजल्यावरच्या ३१ खोल्या अशा २०१६पर्यंत पूर्ण झाल्या. विषय सगळे जपानी: सुमो, झेन, ड्रॅगन, साकुरा, बारा प्राण्यांचं राशिचक्र, हातकागद, आणि योकाई म्हणजे त्यांच्याकडची भुतंखेतं. प्रत्येक खोलीचा चित्रकार वेगळा, त्यामुळे शेजारच्या दोन दारांआड दोन अगदी वेगळे स्वभाव असतात. ‘आर्टिस्ट रूम’ हा एकच दर्जा समजून बुकिंग करणं ही पहिली चूक.

भिंत निवडताना संकेतस्थळावरच्या फोटोवर विसंबू नका. तो रुंद भिंगाने, दारातून किंवा खिडकीपाशी उभं राहून काढलेला असतो. खोली प्रत्यक्षात साधारण २२ चौरस मीटरची, म्हणजे २३५ चौरस फुटांच्या आसपास, आणि त्यात बाथरूम व दारापाशीचा बोळही आला. उरते ती जागा आपल्याकडच्या १० बाय १२च्या बेडरूमएवढी. एवढ्या जागेत चित्रापासून तुम्ही दोन-अडीच मीटरच्या पलीकडे जाऊच शकत नाही. फोटोत भारदस्त वाटणारा सुमो पैलवान प्रत्यक्षात तुमच्या उशाशी येऊन उभा राहतो. काहींना त्यातच मजा वाटते, काहींना रात्री तीनला जाग आल्यावर वाटत नाही.

म्हणून फोटो बघताना आधी पलंग शोधा आणि मनातल्या मनात त्यावर आडवे व्हा. उशीच्या मागच्या भिंतीवर काम असेल तर ते उभं राहून किंवा खुर्चीत बसून दिसतं, झोपल्यावर नाही. समोरच्या किंवा बाजूच्या भिंतीवर असेल तर डोळे उघडल्यावर पहिलं तेच दिसतं. काही ठिकाणी रंग भिंत सोडून छतावर चढलेला असतो. त्या खोलीत आडवं पडून राहण्यासारखं सुख नाही, आणि एका रात्रीसाठी निवडायची तर अशीच निवडावी. शाईच्या, मोकळी जागा जास्त सोडलेल्या खोल्या फोटोत रिकाम्या दिसतात म्हणून लोक त्या टाळतात. मुक्कामाला त्याच जास्त सोसतात. भडक लाल-सोनेरी खोली पहिल्या अर्ध्या तासात सगळं बोलून टाकते.

आईंसाठी योकाईची खोली घेऊ नका. त्या घाबरतील म्हणून नाही. चष्मा काढल्यावर, अंधुक उजेडात, अनोळखी जागी रात्री उठून बाथरूमला जाताना भिंतीवर चेहरा असणं कुणालाच बरं वाटत नाही. बुकिंग करताना हा मुद्दा कुणाच्या लक्षात येत नाही.

खोलीत शिरल्यावर काय बघायचं, तेही सांगून ठेवतो. सगळे दिवे बंद करा, पडदा अर्धा उघडा आणि भिंतीच्या कडेला, खिडकीच्या बाजूने गाल भिंतीला लावल्यासारखं उभं राहून तिरपं बघा. समोरून सपाट दिसणारा रंग बाजूने पाहिला की ब्रशचे थर, ओघळ, कुठे थांबून पुन्हा सुरू केलंय त्या कडा दिसू लागतात. जपानी परंपरेतल्या चित्रकारांचे पारंपरिक रंग म्हणजे इवाएनोगु, दगड कुटून केलेले खनिज रंग. ते सरसात खलून लावतात. एकाच दगडाची भरड पूड गडद निळी-हिरवी दिसते आणि तीच वस्त्रगाळ केली की फिकट होते. रंग तोच, फरक कणाच्या आकाराचा. भरड कण तिरप्या उजेडात साखरेसारखे चमकतात. अॅक्रिलिक असेल तर चमक सलग, प्लॅस्टिकसारखी येते. शाई असेल तर चमकच नसते, भिंत ती पिऊन टाकते. तुमच्या खोलीत यातलं काय आहे ते हॉटेलने दिलेल्या माहितीत शोधा. न मिळाल्यास स्वागतकक्षावर विचारा, हा प्रश्न त्यांना आवडतो. आणि बोट लावून खात्री करायची नाही. सरसातला रंग घामाच्या बोटाला सुटतो.

(जाता जाता: खनिज रंगांची भिंत हे आपल्याला परकं प्रकरण नाही. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला १९१७-१८मध्ये जपानी चित्रकार मुद्दाम आले होते, त्यांत अराई काम्पो होते. त्या नकला टोकियोच्या १९२३च्या भूकंपानंतरच्या आगीत गेल्या.)

बुकिंगमध्ये काय गंडतं? इतर संकेतस्थळांवर बहुतेक वेळा नुसती ‘आर्टिस्ट रूम’ विकली जाते, चित्रकार हॉटेल ठरवतं. ‘विशेष विनंती’च्या चौकटीत ‘झेनची खोली हवी’ असं लिहिलं तर ती विनंतीच राहते. विशिष्ट खोली हवी असेल तर हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावर खोलीचं नाव निवडून बुकिंग करा, आणि पुष्टीच्या पत्रात ते नाव आलंय की नाही हे बघा. नाव नसेल तर खोली तुमची नाही. त्याच दिवशी ईमेल करून लेखी घ्या.

तिघं एका खोलीत हा विचार सोडा. या खोल्यांत बहुधा एकच मोठा पलंग असतो, दोघांपुरता. जास्तीचा पलंग मावत नाही. दोन खोल्या लागतील. त्यातली एकच रंगवलेली घ्या, दुसरी साधी, आणि दुपारी तिघं रंगवलेल्या खोलीत बसा. दोन्ही एकाच मजल्यावर मिळतील असं धरू नका. आईंना एकटं राहायचं नसेल तर त्यांच्यासाठी दोन पलंगांची खोली घेऊन सुनेने किंवा मुलाने एक रात्र तिकडे झोपावं. कोण कुठे झोपणार ते निघायच्या आधीच ठरवलेलं बरं.

खोली बदलण्याच्या दिवशी एक अडचण हमखास येते. पहिल्या खोलीतून अकराला बाहेर, दुसरी तीनला. मधले चार तास तुम्ही बिनघरचे. बॅगा स्वागतकक्षावर ठेवता येतात आणि सांगून ठेवलं तर त्या नव्या खोलीत आपोआप पोचतात. पण आईंची औषधं, चार्जर, पासपोर्ट आणि रात्रीचे कपडे वेगळ्या पिशवीत काढून घ्या. हा चार तासांचा वेळ जवळच्या जवळ घालवायचा, ते पुढे सांगतो.

पैशांचं गणित. जपानात खोलीचा दर बरेचदा माणसागणिक बदलतो. एकासाठी बुकिंग करून दोघं गेलात तर दारातच फरक भरावा लागतो आणि अवघडल्यासारखं होतं ते वेगळं. शनिवारची रात्र महाग, रविवारची स्वस्त. ३ आणि २३ नोव्हेंबर या राष्ट्रीय सुट्ट्या आहेत; त्यांना लागून शनिवार-रविवार आला की दर चढतो. दुसरा आठवडा त्या मानाने बरा. दोन खोल्यांच्या दरांतला एका रात्रीचा फरक काढा. पाच-सहा हजार येनच्या आत असेल तर डोळे मिटून घ्या. दुप्पट होत असेल तर तारीख बदलून बघा.

टोकियोचा निवास कर वेगळा भरावा लागतो. जेवण आणि उपभोग कर वगळून दर माणशी एका रात्रीचे १०,००० ते १४,९९९ येन होत असतील तर १०० येन, १५,००० किंवा वर असतील तर २०० येन, १०,०००च्या खाली काही नाही. म्हणजे दोघांच्या खोलीचा असा निव्वळ दर ४०,००० येन असेल तर माणशी २० हजार, कर ४०० येन. रक्कम किरकोळ आहे. पण तुमच्या बुकिंगच्या बेरजेत ती नसते आणि काउंटरवर मागितली की लोक वाद घालतात. कार्डाने पैसे भरताना यंत्र ‘रुपयांत की येनमध्ये’ विचारेल, तेव्हा येन निवडा. रुपये निवडलेत तर दर यंत्राच्या मागची कंपनी ठरवते आणि तो सहसा वाईट असतो. परदेशी पाहुण्यांच्या पासपोर्टची प्रत घेणं हॉटेलला बंधनकारक आहे, त्यामुळे तिघांचे पासपोर्ट हातात ठेवा आणि बुकिंगमधलं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळवा.

पोचायचं कसं? हानेदा विमानतळावर उतरलात तर केइक्यू लाइनची गाडी पकडा, जी पुढे असाकुसा लाइनवर जाते. हॉटेलजवळच्या शिंबाशी स्टेशनला अर्ध्या तासाच्या आत उतरता, मध्ये बदल नाही. फलकावर शेवटचं स्टेशन वाचूनच चढा, कारण काही गाड्या शिनागावाला किंवा सेंगाकुजीला संपतात. नारिता विमानतळावरून असाकुसा लाइनमार्गे जाणारी अॅक्सेस एक्स्प्रेस घ्या. तीही शिंबाशीला थेट आणते, सव्वा तासाच्या आसपास. नारिता एक्स्प्रेस शिंबाशीला थांबत नाही. तिने आलात तर टोकियो स्टेशनला बदलून यामानोते लाइनने दोन स्टेशनं पुढे या. शिंबाशीहून हॉटेलपर्यंत भुयारी वाट आहे, ‘शिओदोमे’चे फलक धरून चालायचं. इथे लोक चुकतात ते एका कारणाने: हा सगळा भाग तीन पातळ्यांवर आहे, भुयार, रस्ता आणि वरचे पादचारी पूल. फोनचा नकाशा तुम्ही बरोबर जागी आहात असं सांगतो, पण तुम्ही एक मजला खाली असता. निळा ठिपका जुळला आणि दार दिसत नसेल तर चालत सुटू नका, जवळची लिफ्ट शोधून पातळी बदला.

२८ इंची दोन बॅगा या खोलीत एकाच वेळी उघडत नाहीत. पुढे क्योतोला जाणार असाल तर मोठी बॅग स्वागतकक्षावरून ताक्युबिनने, म्हणजे जपानी कुरिअरने, थेट पुढच्या हॉटेलात पाठवा. साधारण दुसऱ्या दिवशी पोचते. दर बॅगेच्या लांबी-रुंदी-उंचीच्या बेरजेवर ठरतो; नेहमीच्या मोठ्या बॅगेला दोन ते तीन हजार येनच्या घरात जातो.

आता आईंविषयी. जपानी हॉटेलातल्या बाथरूमचा उंबरा आणि टबाची कड हे दोन खरे अडथळे आहेत. आंघोळ टबात उभं राहून करावी लागते आणि टबाची कड गुडघ्याएवढी असते. गुडघे दुखत असतील तर बुकिंग करतानाच विचारा की वेगळा शॉवर किंवा धरायला दांडा असलेली खोली मिळेल का. साध्या खोल्यांत असा पर्याय मिळण्याची शक्यता जास्त, त्यामुळे आईंना साधी खोली देण्याचं हे आणखी एक कारण. खिडक्या उघडत नाहीत. शिवाय अनेक जपानी इमारतींत थंड आणि गरम हवेची यंत्रणा मोसमानुसार एकदाच बदलतात, म्हणून नोव्हेंबरात गरम हवा चालू झाली असेल तर खोली गार करता येत नाही. पुण्याच्या माणसाला २५ अंशांच्या बंद खोलीत गुदमरायला होत असेल तर आल्या आल्या पंखा मागून घ्या.

भूकंपाचं भय घेऊन कुणी जाऊ नये, पण कसं वाटतं हे माहीत असावं. उंच इमारत जमिनीसारखी थरथरत नाही, ती डुलते. लांबच्या मोठ्या भूकंपाच्या संथ लाटांना उंच मनोरे साथ देतात आणि खाली रस्त्यावर काही जाणवलं नसतानाही ३१व्या मजल्यावर मिनिट-दोन मिनिटं बोटीत बसल्यासारखं वाटू शकतं. ठरावीक तीव्रतेनंतर लिफ्ट जवळच्या मजल्यावर थांबून दार उघडतात आणि तपासणी होईपर्यंत बंद राहतात. अशा वेळी जिन्याकडे धावायचं नाही. खिडकीपासून आणि टांगलेल्या वस्तूंपासून दूर, पलंगाच्या आतल्या बाजूला बसायचं आणि घोषणेची वाट बघायची. (भिंतीवरच काढलेलं चित्र अंगावर पडत नाही, हा या खोल्यांचा एक फायदा कुणी जाहिरातीत सांगत नाही.) पलंगाजवळ विजेरी ठेवलेली असते, ती कुठे आहे ते आईंना पहिल्याच रात्री दाखवा, आणि चपला पलंगाखाली. जपान सरकारच्या पर्यटन विभागाचं ‘सेफ्टी टिप्स’ हे अॅप इंग्रजीत इशारे देतं, ते निघण्याआधी घेऊन ठेवा.

भिंतीची काळजी हा भाग भारतीय पाहुण्यांनी वेगळा वाचावा. आपल्या सवयी जपानी हॉटेलांच्या यादीत नसतात. टिकली आरशाला किंवा उशामागच्या भिंतीला चिकटवून ठेवणं, तेल लावलेलं डोकं भिंतीला टेकून बसणं, ओला टॉवेल खुर्चीवर टाकून खुर्ची भिंतीला लावणं, बॅग भिंतीला उभी करणं, ओली मेंदी, कुंकवाचं बोट. साध्या भिंतीवरचा तेलाचा डाग पुसून किंवा रंगवून निघतो. इथे ती भिंत म्हणजेच चित्र आहे, आणि ते दुरुस्त करायला रंगारी चालत नाही. थंडीत हवा कोरडी पडते म्हणून हॉटेलं वाफ सोडणारं यंत्र देतात. ते रंगवलेल्या भिंतीपासून लांब, खोलीच्या मध्यात ठेवा. काही झालंच तर लपवू नका, लगेच कळवा. ओला डाग आणि वाळलेला डाग यांत फार फरक असतो. प्रवास विम्यात ‘वैयक्तिक दायित्व’ असतं, पण पुष्कळ पॉलिसींत तुमच्या ताब्यातल्या वस्तूंचं नुकसान वगळलेलं असतं. ती ओळ शोधून वाचा.

खोलीत स्वयंपाक करायचा नाही. टोकियोत वीज १०० व्होल्टची आहे, सॉकेट दोन चपट्या पिनांचं. फोन-लॅपटॉपचे चार्जर १०० ते २४० व्होल्ट चालतात, फक्त पिन बदलणारा जोड लागतो. पण घरून नेलेली २३० व्होल्टची किटली किंवा छोटा कुकर तिथे जेमतेम पाचव्या हिश्शाने तापतो, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. खोलीतली किटली वापरा. गरम पाणी घालून होणारे पोहे, उपमा यांची पाकिटं, थालीपिठाऐवजी दशम्या, मेतकूट एवढं पाच सकाळींना पुरतं. ताजी फळं नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं.

बाहेर शाकाहारी जेवणाची खरी अडचण मांस नाही, ‘दाशी’ आहे. बोनिटो मासा वाळवून त्याचा काढलेला अर्क मिसो सूपमध्ये, नूडल्सच्या रश्शात, भाज्यांच्या सॉसमध्ये, सगळीकडे असतो. ‘मांस नको’ एवढंच म्हणालात तर तो येणारच. ‘निकु तो साकाना तो कात्सुओ-दाशी वा ताबेमासेन’, म्हणजे मांस, मासे आणि माशाचा अर्क खात नाही, हे जपानी लिपीत फोनवर लिहून ठेवा आणि दाखवा. टोकियो स्टेशनात, तिकिटाच्या फाटकाच्या आत, केइयो स्ट्रीटवर ‘टीज तानतान’ हे पूर्ण वनस्पतिजन्य रामेनचं दुकान आहे. तिथून गाडी बदलताना जेवण उरकून घ्या. आईंना वरण-भातच हवा झाला तर असाकुसा लाइनने निहोंबाशी, तिथून तोझाई लाइनने निशी-कासाई. भारतीय वस्ती आहे, वाणसामानाची दुकानंही.

खोली बदलण्याच्या त्या चार तासांत कुठे जायचं? हामारिक्यू बाग. पायी दहा मिनिटांच्या आसपास, तिकीट ३०० येन, ६५ वर्षांवरच्यांना १५०. आईंचा पासपोर्ट दाखवा. समुद्राच्या भरती-ओहोटीने ज्याची पातळी बदलते असं तळं तिथे आहे, आणि त्याच्या मधल्या चहाघरात माच्चा चहा. तळ्याच्या काठावरून वळून पाहिलं की शिओदोमेचे मनोरे डोक्यावर उभे दिसतात. परत येताना निप्पॉन टेलिव्हिजनच्या इमारतीवर अॅनिमेशनपटांचे दिग्दर्शक मियाझाकी हायाओ यांनी रचलेलं तांब्याचं अवाढव्य घड्याळ आहे. दुपारी १२, १, ३, संध्याकाळी ६ आणि रात्री ८ला त्यातल्या बाहुल्या हलतात, शनिवार-रविवारी सकाळी १०लाही. खेळ ठोक्याच्या तीनेक मिनिटं आधी सुरू होतो, त्यामुळे बरोबर वेळेवर पोचलेल्यांना शेवटच दिसतो. पॅनासॉनिकचं छोटं कलासंग्रहालयही जवळच आहे, फ्रेंच चित्रकार रुओ याच्या चित्रांसाठी. ते बुधवारी बंद. बाकी बहुतेक सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात, आणि सोमवारी सुट्टी आली तर मंगळवारी. रोप्पोंगीचं राष्ट्रीय कला केंद्र मात्र मंगळवारीच बंद.

खोलीचा विषय धरून पुढचा दिवस आखलात तर त्या भिंतीचा अर्थ लागतो. शिओदोमेहून ओएदो लाइन सरळ र्योगोकूला जाते. तिथे सुमोचा कोकुगिकान आखाडा आणि चित्रकार होकुसाई यांचं संग्रहालय जवळजवळ आहेत. पण लक्षात ठेवा, नोव्हेंबरची सुमो स्पर्धा फुकुओकात असते. टोकियोत जानेवारी, मे आणि सप्टेंबरमध्येच. त्याच वाटेवर कियोसुमी-शिराकावाला उतरलात तर समकालीन कलेचं संग्रहालय, आणि उलट्या दिशेने रोप्पोंगी. हातकागदाची खोली घेतली तर निहोंबाशीचं ओझू वाशी बघा, १६५३पासूनचं दुकान. तिथे कागद स्वतः गाळायलाही शिकवतात. खनिज रंगांचं वेड लागलं तर तेन्नोझू भागातलं ‘पिग्मेंट टोकियो’ हे रंगांचं दुकान. भिंतभर बाटल्यांत एकाच निळ्याच्या दहा-बारा छटा, भरड ते वस्त्रगाळ, ओळीने लावलेल्या दिसतात. ओएदो लाइन फार खोल आहे, सरकते जिने लांबलचक. आईंना लिफ्टच्या खुणा धरून न्या आणि दर वेळी पाच-सात मिनिटं जास्तीची धरा.

खिडकीबद्दल राहिलंच. सगळ्या खोल्यांतून टोकियो टॉवर दिसत नाही. काही खोल्या त्या बाजूला, काही दुसरीकडे. टॉवर आणि हवं ते चित्र दोन्ही एकाच खोलीत मिळेलच असं नाही, आणि निवडायची वेळ आली तर चित्र निवडा. टॉवर २५व्या मजल्यावरून, खाली रस्त्यावरून, कुठूनही दिसतो. साध्या खोलीसाठी मात्र टॉवरची बाजू मागा, आई खिडकीशी बसतील. रात्री फोटो काढताना खोलीतले सगळे दिवे, टीव्हीचा लाल ठिपकासुद्धा, बंद करा. फोन काचेला टेकवा आणि मागून काळी ओढणी किंवा जॅकेट धरा, म्हणजे काचेत तुमचंच प्रतिबिंब येणार नाही. नोव्हेंबरात टॉवर बहुधा नारिंगी दिव्यांत असतो, पांढरे दिवे उन्हाळ्यातले. मध्यरात्री बाराला ते मालवतात, तेव्हा फोटो त्याआधी.